एनएलयूची सीट सोडून सांगलीत फी-माफीवर लॉ: चौथं सेमिस्टर संपताना

2024 मध्ये बारावीनंतर माझ्यापुढे दोन जागा होत्या. क्लॅट या देशपातळीवरच्या लॉ प्रवेश परीक्षेतून राज्याबाहेरच्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात, म्हणजे एनएलयूत, नंबर लागला होता. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला 3 लाखांच्या घरात. दुसरीकडे सांगलीतल्या एका कॉलेजने सीईटीच्या मार्कांवर पाच वर्षांच्या बीए एलएलबीला पूर्ण फी माफ करायची तयारी दाखवली. मी सांगली घेतली. तासगाव, कवठे महांकाळ, जत भागातली मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी पैशाचं, कारण घरात बोलणं तिथूनच सुरू झालं. आमची द्राक्षबाग आहे. ऐन फुलोऱ्यात एक अवकाळी पाऊस झाला की वर्ष हातचं जातं, आणि सोसायटीचं कर्ज तर असतंच. शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "हप्ता तू भरणार का बाग भरणार?" बँकेत बसून आकडा काढला. 10 लाख, 10 टक्के व्याज, 10 वर्षं: महिन्याला 13,200 च्या आसपास. शिकत असताना चढणारं व्याज धरलं तर हप्ता आणखी वाढतो.

आता हा हप्ता ज्युनिअर वकिलाच्या कमाईशेजारी ठेवून बघा. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 विद्यावेतन द्यावं. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि जिल्हा कोर्टात पहिली एक-दोन वर्षं बऱ्याच जणांना पेट्रोलपाण्यापुरतंच सुटतं. त्यात 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) व्हायचं असेल तरी पदवीनंतर तीन वर्षं कोर्टात काढायचीच. डोक्यावर 13,000 चा हप्ता असलेला पोरगा ती तीन वर्षं कशी काढणार? तो मिळेल ती नोकरी धरतो. म्हणून मला फी-माफीची खरी किंमत पदवीनंतरच्या तीन वर्षांत दिसते. कॉलेजच्या पाच वर्षांत जे वाचतं ते त्यापुढे थोडं आहे.

आता कॉलेज. शिक्षक मनापासून शिकवतात, वर्गात नाव घेऊन प्रश्न विचारतात, शंका घेऊन गेलं तर स्टाफरूममध्ये बसवून घेतात. ग्रंथालयात बेअर अॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) आणि क्रमिक पुस्तकं भरपूर, पण निकाल शोधायचा सशुल्क डेटाबेस नाही. मी सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर भागवतो, ते फुकट आहे आणि वरचेवर पुरतंही. मूट कोर्टची, म्हणजे सरावासाठीच्या नकली खटल्यांची, परंपरा कमकुवत. सराव घ्यायला कोणी अनुभवी नसतं, मुलं आपली आपणच उभी राहतात. फी-माफीचा त्रासही सांगतो. दरवर्षी नूतनीकरण, आणि एकही विषय राहता कामा नये ही अट. गेल्या वर्षी निकाल उशिरा लागला तेव्हा ऑफिसने आधी फी भरा, मग परत देऊ असं सांगितलं. उसनवारी करून भरली, पैसे दिवाळीनंतर हातात आले. घरात रोकड नसलेल्या मुलाने काय करायचं? याचा मला अजून राग आहे.

या सगळ्याची भरपाई झाली ती विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. माझे चार आठवडे ज्या वकीलसाहेबांकडे झाले, त्यांनी नंतरही तास नसेल तेव्हा यायची मुभा दिली. कॉलेज आणि कोर्ट एकाच गावात असल्याचा हा फायदा आहे. इंटर्नशिप संपली तरी फाइल पुढे कशी सरकते ते बघता येतं.

एक प्रकरण सांगतो. आमच्याच भागातले एक शेतकरी आले होते. व्यापाऱ्याने बागेतून माल उचलला, चेक दिला, चेक परत आला. व्यापारी फोनवर "चार दिवस थांबा" म्हणत राहिला आणि हे थांबत राहिले. चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं जे कलम 138, त्याखाली बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते. ती मुदत उलटून गेली होती. मी मनात म्हटलं, संपलं. साहेबांनी आधी चेकवरची तारीख बघितली. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, आणि ते व्हायला अजून अवकाश होता. "उद्या सकाळी हाच चेक परत बँकेत भरा," ते म्हणाले, "आणि मेमो मिळाला की त्याच दिवशी माझ्याकडे या. आता कुणासाठी थांबायचं नाही, काका." चेक वैध असेपर्यंत पुन्हा भरता येतो आणि त्या दुसऱ्या वेळच्या नोटिशीवर फिर्याद चालते, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. मेमो आला, नोटीस गेली, पोचपावती आली, पैसे द्यायच्या मुदतीचे 15 दिवस मोजले, फिर्याद दाखल झाली. नोटिशीचा कच्चा मसुदा मी लिहिला आणि साहेबांनी लाल पेनने निम्मा खोडला. तासगावची अर्धी द्राक्षशेती असल्या चेकवर उभी आहे. हे काम शिकायलाच मी या क्षेत्रात आलो.

एनएलयूत मिरजेचा माझा एक मित्र आहे, त्याच्याशी सतत बोलणं होतं. त्याच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. पहिल्या वर्षापासून इंग्रजीत लिहायची आणि उभं राहून बोलायची सवय, वरच्या वर्गातल्या मुलांच्या ओळखीवर दिल्ली-मुंबईच्या इंटर्नशिप, आणि शेवटी लॉ फर्म थेट कॅम्पसवर येतात. सांगलीच्या पदवीवर त्या फर्मच्या दारात उभं राहणंही अवघड आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मात्र दोघांची एकच. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करताना आणि ऑल इंडिया बार परीक्षा देताना कॉलेजचं नाव बघून सूट मिळत नाही.

इंग्रजी ही माझी खरी काळजी आहे. खालच्या कोर्टात मराठीत काम चालतं, हायकोर्टात इंग्रजीच लागते. आणि हायकोर्ट आता लांब राहिलेलं नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. पूर्वी अपिलाच्या एका तारखेसाठी पक्षकार आणि वकील रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचे, आता साहेब सकाळी निघून संध्याकाळी परत येतात. 2024 मध्ये सीट सोडताना हे गणितात नव्हतं. आज याच भागात वकिली करायची असेल, तर सांगलीत शिकण्याचं पारडं तेव्हापेक्षा जड आहे.

उलट बाजूनेही एक गोष्ट बदललीय. नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिकत असतानाच्या काळात, व्याजात 3 टक्के सवलत आहे. सीट सोडण्याआधी आपली संस्था यादीत आहे का ते नक्की बघा. फी-माफी घेणार असाल तर अटी लेखी मागा: विषय राहिला तर काय, निकाल लांबला तर काय, परीक्षा फी त्यात आहे का. तोंडी शब्दावर प्रवेश घेऊ नका.

माझी मामेबहीण यंदा क्लॅट देतेय आणि तिला कंपनी कायद्यात जायचंय. राज्यात कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तर 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी 2024-25 पासून शासन भरतं, त्यामुळे मामाला ती सांगलीतच राहावी असं वाटतं. मी मामाला सांगितलंय, तिला जे काम करायचंय ते इथं शिकायला मिळणार नाही. नंबर लागला तर तिला पाठवा, कर्जाचे कागद करायला मी बँकेत येतो.