कारच्या एसीचा गॅस: घरी कॅनने भरायचा की गॅरेजच्या मशीनने?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो. दोन्ही पर्याय त्या नजरेनेच बघावेत.

घरी आर-१३४ए (कारच्या एसीतला गॅस) चा कॅन आणि गेजचा (प्रेशर दाखवणाऱ्या काट्याचा) पाइप पुरतो. इंजिन चालू, एसी आणि ब्लोअर फुल. कपलर (गेजच्या पाइपच्या टोकाची जोडणी) एसीच्या जाड पाइपवरच्या लो साइडलाच, म्हणजे कमी प्रेशरच्या बाजूलाच लावा. हाय साइडला लावला तर कॅन फुटू शकतो. आधी गेजच्या पाइपमधली हवा काढा. कॅन उभाच धरा, उलटा केला तर द्रव थेट कंप्रेसरकडे (गॅस दाबणाऱ्या पंपाकडे) जातो. खरी गोम पुढे आहे: लो साइडच्या प्रेशरवरून आत किती ग्रॅम गॅस आहे ते कळत नाही. लहान गाडीत एकूण गॅस साधारण ४०० ग्रॅम. त्यात शंभर ग्रॅम जादा गेला तरी हाय साइडचं प्रेशर चढतं नि गारवा उलट कमी होतो.

मशीन जुना गॅस काढून मोजतं, अर्धा तास व्हॅक्यूम करून हवा-ओलावा खेचतं, मग बॉनेटखालच्या स्टिकरइतकाच गॅस वजनाने भरतं. व्हॅक्यूम टिकला नाही की गळती पकडली जाते. पैसे जास्त, पण पाइप किंवा कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) बदलल्यावर हाच मार्ग.

गारवा वर्षानुवर्षांत किंचित उतरला असेल तर कॅन चालेल. सीलंटवाला (गळती बुजवणारं रसायन मिसळलेला) मात्र नको. तो व्हॉल्व्ह तुंबवतो, वर गॅरेजवाले मशीन लावायला नकार देतात.