शुक्रवारी रात्री गावाला: एसटी की ट्रॅव्हल्स?

चाकणला नोकरी आणि घर पाटण तालुक्यात, तर गावाला एसटीनं जावं की ट्रॅव्हल्सनं, असं कंपनीत लाइनवर आलेली नवीन पोरं विचारतात. सहा वर्षं मी दोन्ही करून बघितलंय. माझं माप जरा एका बाजूला झुकतं, ते धरूनच वाचा.

आरामात ट्रॅव्हल्स उजवी, यात वाद नाही. स्लीपरमध्ये आडवं झालं की कराडलाच जाग येते. एसटीसाठी स्वारगेट गाठणं हाच मोठा व्याप होता. 2024 च्या सप्टेंबरात मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, नाशिक फाट्याला बसलं की थेट तिथं. तेवढं तरी सुटलं. बाकी शिवशाहीचा एसी चालेलच असं नाही, लाल परीची खिडकी नेमकी पावसात अडकते. 2021-22 च्या संपात तर कित्येक महिने ट्रॅव्हल्सवाल्याच्या दारातच उभं राहावं लागलं. शिव्या मीही घातल्यात.

जानेवारी 2025 ला एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, पण सणासुदीला ते फार उड्या मारत नाही. खासगी गाड्यांना एसटीच्या दीडपटीची मर्यादा 2018 पासून आहे; गणपतीत तिकीट काढून बघा, कुठं दिसते का. शिवाय मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. माझी बहीण भोसरीत पॅकिंगला आहे, ती आता महिन्यातून दोनदा घरी येते. उरलेले पैसे सरकार महामंडळाला देतं. वेळेवर देतं का, तो वेगळा विषय.

मला मात्र एका फोननं एसटीत बसवलं. श्रावणातला बुधवार, दुसऱ्या दिवशी आजीचं वर्षश्राद्ध. बॅग घेऊन नाशिक फाट्यावर उभा. सव्वादहाला फोन आला, "दादा, सीटा भरल्या नाहीत, आजची गाडी कॅन्सल. दुसरीत ॲडजस्ट करतो." दुसरी पाऊण वाजता आली. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि पहाटे कराडच्या कोल्हापूर नाक्याला हायवेवरच उतरवलं. तिथून स्टँडपर्यंत रिक्षावाला म्हणेल ते.

स्टँडवर पाटणची पहिली एसटी लागलेली. मी धरून सात माणसं आणि पेपरचे गठ्ठे. कंडक्टरनं घड्याळ बघितलं, दोरी ओढली, गाडी निघाली. सात तिकिटांत डिझेलसुद्धा सुटलं नसेल. महामंडळ तोट्यात म्हणून लोक नावं ठेवतात, त्यातला थोडा तोटा माझ्या नावचा आहे.

कराडातच उतरायचं असेल आणि हातात रजा असेल, तर ट्रॅव्हल्सनं खुशाल जा. पुढं वाडीला जायचं असेल तर मी स्वारगेट धरतो. शुक्रवारचं आरक्षण तेवढं सोमवारीच करून टाका, आणि पाठीला एक उशी असू द्या.