सांगलीतले एक वाचनालय आणि ‘आई’ची फळी

सांगलीच्या गणपती मंदिरापासून चालत जाता येईल अशा एका खासगी वाचनालयाची मी आठ महिन्यांपासून सभासद आहे. अनामत ५०० रुपये, मासिक वर्गणी ८० रुपये आणि एका वेळी दोन पुस्तके, असा तिथला व्यवहार आहे. मातृत्व, प्रजनन आरोग्य आणि बायकांचे रोजचे लढे यांवर वाचायचे म्हणून मी नाव घातले, त्यामुळे हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

ही पुस्तके शोधण्यातच माझ्या दोन फेऱ्या गेल्या. ‘आई’ असे लिहिलेली फळी अगदी दर्शनी आहे, पण तिच्यावर गर्भसंस्कार, बाळाची नावे आणि बाळंतिणीचा आहार यांचीच गर्दी आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि काही ठराविक गटांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेणारी २०२१ ची दुरुस्ती यांविषयीचे लेखन मात्र आतल्या बाजूला, करसल्ल्याच्या पुस्तकांशेजारी ठेवलेले आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली सुरू केलेल्या, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर लिहिणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातले निवडक लेख तर चरित्रांत सापडले. बाईला येणारा आईपणाचा अनुभव वेगळा आणि तिच्यावर नियम लादणारी मातृत्व नावाची व्यवस्था वेगळी, हे स्त्रीवादी अभ्यासक १९७० च्या दशकापासून सांगत आले आहेत. ती व्यवस्था कशी दिसते, हे पाहायचे असेल तर या फळ्यांसमोर दहा मिनिटे उभे राहावे.

तरीही मी वर्गणी चालू ठेवली, ती माळ्याखालच्या खोलीतल्या कात्रणांच्या फायलींसाठी. परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीची फाईल त्यांत सर्वांत जाड आहे. इंदुताई पाटणकर आणि कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर याच जिल्ह्यातल्या नवऱ्याने टाकलेल्या बायकांनी स्वतःच्या नावाची शिधापत्रिका आणि घरासाठी जागा मागितली होती. अशा मागणीसाठी कचेरीत पुन्हा पुन्हा जाण्यासारख्या रोजच्या लहानसहान लढ्याला अभ्यासक दैनंदिन प्रतिकार म्हणतात. आमच्याकडच्या बायका ‘खेटे घालणे’ म्हणतात, आणि त्या शब्दात झिजलेल्या चपला, बुडालेला रोज आणि ‘उद्या या’ हे उत्तर, सगळेच येते. दुसऱ्या फाईलीत मिरजजवळच्या म्हैसाळचे २०१७ मधले स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण आणि बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरच्या २०१९ च्या बातम्या एकापाठोपाठ लावल्या आहेत. त्या सलग वाचताना मूल कोणते हवे हे घरच्यांनी ठरवणे आणि पाळीमुळे मजुरीचा खाडा नको म्हणून गर्भाशयच नको होणे यांतला धागा दिसू लागतो. हा क्रम ज्याने लावला त्याला विषय कळला होता. कात्रणे घरी नेता येत नाहीत, झेरॉक्स मिळते, पण फिकट.

वेळ संध्याकाळी पाच ते आठ आहे. ही वेळ ठरवणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करते, हे विचारायची गरज वाटली नाही. खिडकीवरचे गृहस्थ सौजन्याने वागतात, फक्त घेतलेल्या पुस्तकाचे नाव मोठ्याने वाचून नोंदवतात, आणि ‘पाळीचे विकार’ हे नाव रांगेत सगळ्यांना ऐकू जाते.

गेल्या महिन्यात सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला. त्यात ‘पतीचे किंवा वडिलांचे नाव’ हा रकाना सक्तीचा आहे. मी तिथे रेघ मारून अर्ज दिला, तो परत आला; मग त्या रकान्यात आईचे नाव लिहिले, आणि पावती मिळाली.