चरणजित सिंगांचा दहा रागांचा डिस्को अल्बम: वाद नंतर घाला, आधी नीट ऐका

या अल्बमचा विषय निघाला की पाच मिनिटांत वाद सुरू होतो, कुठेही बघा. टेक्नोवाली पोरं म्हणतात ॲसिड हाऊस, म्हणजे क्लबमध्ये नाचायचं ते किंचाळत्या सिंथ-बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, शिकागोत नाही, आपल्या मुंबईत जन्मलं. गाणं शिकलेली मंडळी म्हणतात यात राग कुठेय ते दाखवा. आणि जुन्या हिंदी गाण्यांचे दर्दी म्हणतात अरे हा पंचमकडे (आर.डी. बर्मनकडे) वाजवणारा माणूस, तुम्हाला आत्ता कळला होय. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं, पण तिघांनाही माझं एकच सांगणं आहे, तुम्ही हा अल्बम पुरावा म्हणून वापरताय, संगीत म्हणून ऐकत नाही आहात. आणि ऐकायला तो खरंच भारी आहे, सगळाच्या सगळा नाही, पण जिथे जमलाय तिथे इतका जमलाय की चाळीस वर्षं उलटून गेली तरी अंगावर येतो.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट', एचएमव्हीची रेकॉर्ड, साल १९८२. चरणजित सिंग मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीतले सेशन म्युझिशियन, गिटार, बेस, कीबोर्ड सगळं वाजवायचे, शंकर-जयकिशनपासून आर.डी. बर्मनपर्यंत सगळ्यांकडे काम केलेलं. 'दम मारो दम'मधला तो ट्रान्झिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक ॲकॉर्डियन) त्यांचाच. फिल्मी गाण्यांच्या इन्स्ट्रुमेंटल रेकॉर्डीही त्यांनी काढलेल्या होत्या. ऐंशीच्या सुरुवातीला सगळीकडे डिस्कोच डिस्को चाललेलं, तेव्हा यांच्या डोक्यात आलं की डिस्कोचा ठेका घ्यायचा, तबला काढून टाकायचा आणि वर राग वाजवायचे. हत्यारं तीन, तिन्ही रोलंड कंपनीची: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसलाइनचं छोटं चंदेरी यंत्र, आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारा कीबोर्ड. सिंगापूरहून आणलेली. लायसन्स राजच्या, म्हणजे आयातीवर सरकारी बंधनं असण्याच्या काळात असली यंत्रं आपल्याकडे किती जणांकडे असतील विचार करा.

रेकॉर्ड आली आणि आपटली, कोणी विचारलं नाही. मग एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, त्याने मुंबईत येऊन चरणजितजींना शोधून काढलं आणि २०१० ला आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर परत काढली. तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना ही बनवाबनवीच वाटली होती, कोणीतरी आत्ताच्याच प्रोड्यूसरने घरी बसून बनवलंय आणि वर जुनं लेबल चिकटवलंय असं. त्यात नवल नाही, कारण आवाज हुबेहूब तोच आहे. शिकागोच्या फ्युचर या ग्रुपचा 'ॲसिड ट्रॅक्स', जिथून ॲसिड हाऊसची सुरुवात धरतात, तो १९८७ चा. म्हणजे मध्ये पाच वर्षं.

आता या "पहिला कोण" प्रकरणाबद्दल माझं मत एकदाच सांगते आणि सोडून देते. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली असेल याला काही आधार नाही, आणि चरणजितजींना क्लबसाठी काही करायचं नव्हतं. दोघांच्या हातात एकच यंत्र आलं एवढीच गोष्ट आहे. ३०३ बनवलं गेलं होतं बेस गिटारच्या जागी वापरायला, आवाज बेस गिटारसारखा काही येईना म्हणून चाललं नाही, १९८४ पर्यंत कंपनीने बंदही केलं, मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं आणि शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं पिळून पिळून तो किंचाळणारा आवाज काढला. म्हणजे ते यंत्राच्या आवाजाच्या मागे गेले. आपल्या माणसाला मात्र यंत्राकडून सूर हवे होते, आणि ते ठरलेले सूर हवे होते. फरक केवढा मोठा आहे हे लक्षात घेतलं की "आपण पहिले" म्हणून छाती फुगवण्यात रस राहत नाही, आणि "योगायोग होता" म्हणून उडवून लावणंही जमत नाही.

मला जे खरं बोलायचंय ते इथे सुरू होतं. ३०३ मध्ये स्लाइड नावाची एक सोय आहे, एका सुरावरून पुढच्या सुरावर तो तुटक न जाता घसरत जातो. बाकी जगाला तो एक इफेक्ट वाटतो, आपल्या कानाला ती मींड वाटते, गाण्यात सूर न तोडता ओढत नेतात ती. आणि हे काही मी ओढूनताणून लावत नाहीये, हेडफोन घाला आणि मालकंस लावा. खाली बेसलाइन चाललीय, सा ग म ध नी, ग ध नी कोमल (म्हणजे अर्ध्या सुराने उतरलेले), रे आणि प नाहीतच, आणि त्यातले काही सूर सरकत येतात, काहींवर आघात पडतो. तेच सूर घासून घासून येतात, हळूहळू फिल्टर उघडतो तसा तोच सूर आधी कोंडलेला आणि मग एकदम उजळ ऐकू येतो. या यंत्रात पॅटर्न भरायची पद्धतही डोकं खाणारी आहे, सूर आधी एका मोडमध्ये भरायचे आणि त्यांची लय नंतर वेगळ्या मोडमध्ये. लोक त्याला कंटाळायचे. पण ज्याने आयुष्यभर स्टुडिओत नोटेशन समोर ठेवून वाजवलंय त्याला त्यात काय अवघड! आणि या यंत्रात एका पॅटर्नला सोळा स्टेप असतात, ८०८ वर पण सोळा बटणांची रांग आहे. सोळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं ते सांगायला नको. अर्थात हा काही सोळा मात्रांचा तीनताल नाही, खाली-भरी (तालातले हलके-जोरकस भाग) काही नाही, किक ड्रम प्रत्येक मात्रेला सारखाच पडतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची ती मजा इथे मिळत नाही. ही उणीव आहेच.

माझ्या ओळखीतले एक काका हार्मोनियम शिकवतात, त्यांना मी हा अल्बम ऐकवला. लळत (ललत) रागाचा ट्रॅक संपेपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "स्वर बरोबर लावलेत गं, पण थांबत कुठेच नाही." यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. खरंच थांबत नाही. बहुतेक ट्रॅकमध्ये सुरुवातीला थोडंसं आलापासारखं, लयीशिवाय, मग ठेका सुरू झाला की पाच मिनिटांच्या आसपास गाडी सरळ पळते. रागाला बसायला जागा लागते, न्यास (ठरलेल्या सुरावर थांबणं) लागतो, एखाद्या सुरावर रेंगाळावं लागतं. भूपमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. सा रे ग प ध हे पाच सूर देशकार रागातही तेच आहेत, फरक सगळा वजनाचा आणि चलनाचा (सुरांच्या चालीचा), गंधारावर बसायचं की धैवतावर. ठेक्याच्या घाईत ते वजन निसटतं आणि उरते ती गोड सरगम. ऐकायला छान वाटतं पण भूप ऐकल्यासारखं वाटत नाही.

तोडीचं दुखणं वेगळं आहे. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलपेक्षाही उतरता लागतो, ती तोडीची जान आहे, आणि कीबोर्डवर बारा पट्ट्या, मधलं काही नाही. पण हे गाऱ्हाणं आपण पेटी, म्हणजे हार्मोनियमबद्दलही वर्षानुवर्षं ऐकत आलोय ना. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठली नाही, कारणात हेही एक होतं की पेटीत श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, मींड नाही. आणि त्याच महाराष्ट्रा-गोव्यात गोविंदराव टेंबे झाले, पी. मधुकर झाले, तुळशीदास बोरकर झाले, ज्यांची पेटी ऐकताना कोणाला श्रुतीची आठवण होत नाही. वाद्याची मर्यादा वाजवणाऱ्याच्या हाताने ओलांडता येते हे आपण मान्य केलेलं आहे, मग सिंथला वेगळा न्याय कशाला? मला चरणजितजींची तोडी फारशी आवडत नाही, पण ती सिंथवर आहे म्हणून नाही, त्यांनी त्या गंधाराभोवती वेळच दिलेला नाही म्हणून.

आता लळत. सकाळचा राग, दोन मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) एकमेकांना लागून येतात आणि पंचम (प) वर्ज्य. ज्याने गाणं शिकलेलं नाही त्यालाही तिथे काहीतरी विचित्र चाललंय हे कळतं, पायाखालची फरशी सरकल्यासारखं. हेच दोन शेजारी-शेजारी मध्यम जेव्हा इलेक्ट्रॉनिक आवाजात आणि त्या धडधडत्या किकवर येतात तेव्हा जे काही होतं ना, ते शिकागोच्या किंवा पुढे लंडनच्या कुठल्याही रेकॉर्डमध्ये मला सापडलं नाही, कारण त्यांना हे दोन सूर एवढ्या हट्टाने एकत्र ठेवायचं काही कारणच नव्हतं. ॲसिड हाऊस आवडणाऱ्यांनी हा ट्रॅक आधी ऐकावा. माझा एक पुण्याचा मित्र, डीजे आहे, त्याने एकदा आपल्या सेटमध्ये मध्येच हा लावला होता, नाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांना कळलंच नाही की हे १९८२ चं आहे, आणि ज्या मोजक्या लोकांना राग कळला ते जागच्या जागी थांबून ऐकायला लागले.

मधुवंती पण सुंदर. कोमल गंधार, तीव्र मध्यम, ती गोड हुरहुर त्या ज्युपिटरच्या जाड आवाजात चांगली खुलते. मुळात वरची सुरावट हाताने वाजवलेली आहे हे विसरू नका, खाली यंत्रं आपापली चाललीयत आणि वर एक माणूस बोटांनी वाजवतोय, ताना घेतोय, कधी एखादी तान जराशी पुढे-मागे होते. तो जिवंतपणा मला पुन्हा पुन्हा तिथे ओढून नेतो. पूर्ण प्रोग्राम केलेल्या संगीतात हा मिळत नाही.

कलावतीबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. आईची पिढी प्रभाताई अत्र्यांचा कलावती ऐकत वाढलेली, त्यांना हा उथळ वाटतो. माझ्या धाकट्या भावाला सगळ्या अल्बममध्ये हाच ट्रॅक आवडतो, तो म्हणतो गाडी चालवताना यासारखं काही नाही. मी आईच्या बाजूने आहे पण भावाचं म्हणणं खोटं नाही. मेघमल्हार मला नाही भिडला, आंदोलनं (सुराचं हळूवार झुलणं) नाहीत, ऋषभावर तो डोलणारा भारदस्तपणा नाही, पाऊस काही लागत नाही. यमन ठीक. बैरागी मात्र चुकवू नका, सा रे म प नी, त्यात रे आणि नी कोमल, एवढ्याशा सामग्रीत त्या बेसलाइनने जो गंभीरपणा आणलाय तो डिस्कोच्या ठेक्याला शोभेल असं वाटतच नाही आणि तरी शोभतो.

सगळ्यात मोठी तक्रार अजून राहिली. दहाही ट्रॅक एका साच्यातले. वेग जवळपास तोच, ड्रमचे आवाज तेच, रचना तीच, आधी थोडं मोकळं मग ठेका मग ताना मग संपलं. सलग दहा ऐकलेत तर सहाव्या-सातव्याला कान थकतात आणि मग चांगल्या गोष्टीही नुसत्या कानावरून जातात. इंटरनेटवर "एकसुरी आहे" म्हणणारे बरेच भेटतील, त्यांनी बहुधा सगळं एका बैठकीत ऐकलेलं असतं. रेकॉर्डच्या जमान्यात एक बाजू ऐकून माणूस उठायचा, चहा करायचा, मूड असेल तर दुसरी बाजू लावायचा. तसंच दोन-तीन, दोन-तीन करून ऐका. आणि रागाची वेळ पाळून बघा, मी गंमत म्हणून सुरू केलं होतं आणि आता तसंच ऐकते, लळत-बैरागी सकाळी, मधुवंती दुपार कलताना, मालकंस रात्री उशिरा. फरक पडतो.

एक महत्त्वाचं, फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. ३०३ ची सगळी जादू खालच्या सुरात आहे आणि फोनवर तो भाग ऐकूच येत नाही, राहते फक्त वरची सुरावट, मग ते लग्नातल्या कॅसिओसारखं वाटणारच. यूट्यूबवर सगळा अल्बम आहे, साधे बरे हेडफोन असले तरी पुरे. रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांनी मूळ एचएमव्हीच्या प्रतीमागे लागून खिसा रिकामा करू नये, बॉम्बे कनेक्शनची मिळाली तर ती घ्यावी.

चरणजितजी २०१५ मध्ये गेले. त्याआधीची काही वर्षं, सत्तरी ओलांडल्यावर, हेच राग घेऊन ते युरोपात फिरले, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या पोरांनी उभं राहून, नाचत ते ऐकले. आपल्याकडे शास्त्रीयवाल्यांनी हे आपलं मानलं नाही, फिल्मवाल्यांना ही बाजूची हौस वाटली असेल, आणि क्लबवाल्यांची पिढी तेव्हा जन्मलीच नव्हती. माझ्याकडून दहापैकी आठ. दोन कापले ते भूप आणि मेघमल्हारासाठी. लळत, मालकंस, बैरागी हे तीन आज ऐका आणि तुमचं काय मत होतंय ते सांगा, विशेषतः गाणं शिकलेल्यांनी, तोडीच्या गंधाराबद्दल तुम्हालाही तसंच वाटतं का ते मला ऐकायचंय.