जळगाव, धुळे, नंदुरबार: कार्यालयांचं प्रशासन एका जागी, तीन जागी की एजन्सीकडे?

परदेशी निधीवर चालणारी विकास संस्था खान्देशात दोन-तीन कार्यालयं उघडते, आणि वर्षभरात एक वाद सुरू होतो. भाडं, गाड्या, खरेदी, हजेरी, बिलं, विमा हे सगळं कुठून चालवायचं? पर्याय तीन. धुळ्यात किंवा जळगावात एकच प्रशासन कक्ष ठेवायचा. प्रत्येक कार्यालयाला आपापली माणसं द्यायची. किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला ठेका द्यायचा.

चौथा पर्याय बैठकीत कुणीतरी सुचवतंच: नंदुरबारचं कार्यालय एखाद्या स्थानिक संस्थेला निधी देऊन चालवू. एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायदा, ज्यांना लागू आहे त्यांनी हा विचार सोडावा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण बंदी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था किंवा जागतिक बँक यांचा पैसा या कायद्यात विदेशी स्रोत धरला जात नाही, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं. खालची चर्चा मुख्यतः एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थांसाठी आहे.

नकाशावर तीन जिल्हे, कामात दोन प्रदेश

निर्णय जिल्ह्यांप्रमाणे घेतला की चुकतो. जळगाव, धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार शहर, शहादा हा सगळा सपाट पट्टा; इथे पुरवठादार, बँका, सनदी लेखापाल, गाड्यांचे गॅरेज मिळतात, पावती छापील मिळते. धडगाव, मोलगी, तोरणमाळ हा सातपुडा. इथे रस्ता, नेटवर्क आणि पावती या तिन्हींचा भरवसा ऋतूवर आणि माणसावर. जळगाव–धुळे साधारण ९० किलोमीटर, एवढ्यासाठी दोन पूर्ण प्रशासन कक्ष ठेवणं उधळपट्टी आहे. उलट धडगावचं टायर पंक्चर जळगावच्या मंजुरीसाठी थांबवणं हाही वेडेपणाच.

एकच कक्ष ठेवायचा असेल तर आमची पसंती धुळ्याला. जळगावची बाजारपेठ मोठी, रेल्वेचं जाळं चांगलं, विमानतळही आहे, म्हणून मुंबई-दिल्लीचे वरिष्ठ जळगाव सुचवतात. पण जळगाव–नंदुरबार अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास; तिथला प्रशासन अधिकारी सातपुड्यात एक दिवस गेला की रात्रीचा मुक्काम ठरलेलाच. धुळं मधोमध आहे, मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात. नंदुरबारची मोठी खरेदी मात्र धुळ्यातूनच व्हायला हवी असं नाही. रेल्वेनं सुरतही गाठता येतं. फक्त गुजरातमधून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल येत असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आधी मागून घ्या, नाहीतर गाडी नवापूरपाशी अडते आणि प्रशिक्षणाच्या दिवशी खुर्च्या नसतात.

वीस टक्क्यांचं गणित

एफसीआरए संस्थेला वर्षात मिळालेल्या परदेशी निधीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च करता येत नाही; २०२० आधी ही मर्यादा ५० टक्के होती. कार्यालयाचं भाडं, वीज-फोन, स्टेशनरी, व्यवस्थापनाचे पगार, हिशेबाचा खर्च, वकील-लेखापालांची फी, गाड्या चालवण्याचा खर्च हे सगळं त्यात येतं. म्हणून तिन्ही पर्याय आधी या काट्यावर तोलायचे.

वर्षाला २ कोटी निधी धरू, म्हणजे मर्यादा ४० लाख. तीन कार्यालयं. भाडं महिना २०,००० आणि इतर किरकोळ १५,००० प्रत्येकी. भाड्याची गाडी महिना ४५,०००. स्वतंत्र व्यवस्थेत प्रत्येक कार्यालयात ३०,००० चे दोन जण आणि एक गाडी. कक्षाच्या व्यवस्थेत धुळ्यात ३०,००० चे तिघे, इतर दोन ठिकाणी २०,००० चा एकेक सहायक, गाड्या सामाईक दोन. हे आकडे फक्त मांडणीसाठी धरलेले आहेत; आपले घालून पाहा.

| बाब (लाख रुपये, वर्षाला) | तिन्हीकडे स्वतंत्र | धुळ्यात एक कक्ष | कक्ष, पण एजन्सीची माणसं |
|---|---|---|---|
| प्रशासनाची माणसं | २१.६ | १५.६ | १९.९ |
| भाडं, वीज, किरकोळ | १२.६ | १२.६ | १२.६ |
| गाड्या | १६.२ | १०.८ | १०.८ |
| एकूण | ५०.४ | ३९.० | ४३.३ |

एजन्सीच्या रकान्यात त्याच १५.६ लाखांवर ८ टक्के सेवाशुल्क आणि पूर्ण बिलावर १८ टक्के जीएसटी धरला आहे. व्यापारी कंपनीला हा जीएसटी पुढे वळता करता येतो, संस्थेला बहुतेक वेळा येत नाही; तो सरळ खर्चात जातो. दुसरी गोष्ट भाड्याच्या ओळीत दिसते: प्रशासन एकत्र केल्यानं इमारती कमी होत नाहीत. बचत होते ती माणसांत आणि गाड्यांत. तिसरी गाडी तशीच ठेवली तर एकूण ४४.४ लाख होतात आणि केंद्रीकरण करूनही मर्यादा ओलांडते. म्हणजे गाड्या सामाईक करायची तयारी नसेल तर एकच कक्ष करून फारसं काही साधत नाही.

क्षेत्रकामाच्या गाड्यांचा किती खर्च थेट कार्यक्रमाचा धरायचा, यावर लेखापरीक्षकांची मतं वेगळी असतात. ते एप्रिलमध्ये लेखी ठरवा. मार्चमध्ये नोंदी फिरवल्या की पुढच्या ऑडिटमध्ये त्या लगेच उघड्या पडतात.

गाड्या: इथेच व्यवस्था टिकते किंवा मोडते

भाड्याची गाडी घेताना पाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक परवाना. ओळखीतल्या कुणाचीतरी पांढऱ्या पाटीची बोलेरो महिन्यावर लावणं सर्रास चालतं. अपघात झाला की विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि आत बसलेल्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी संस्थेवर येते. करारासोबत परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स यांच्या प्रती हव्यात, आणि प्रत्येकाची मुदत संपायची तारीख एका तक्त्यात. हे काम कक्षाचं. स्वतंत्र कार्यालयांत हा तक्ता कुणीच ठेवत नाही.

लॉगबुक आणि डिझेल मात्र जागेवरच. हिशेब टाकी फुल ते टाकी फुल असा करा, पैशांवरून अंदाज नको. आणि सपाटीचं अ‍ॅव्हरेज वेगळं, घाटाचं वेगळं. धुळ्यात बसलेला माणूस शिरपूरच्या गाडीची आणि धडगावच्या गाडीची सरासरी शेजारी लावतो आणि धडगावचा चालक डिझेल चोरतो असा निष्कर्ष काढतो. पहिल्या-दुसऱ्या गियरवर चढणारी गाडी कमी किलोमीटर देणारच. गाडी लावली की पहिल्या महिन्यात त्याच रस्त्यावर दोन फेऱ्यांचं मोजमाप घ्या आणि तोच आकडा पुढे धरा. डोंगरात जाण्याआधी टाकी तळोद्यात किंवा शहाद्यात भरून घ्यायची, हा नियम करारातच लिहावा.

पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडी येतात. त्या चार महिन्यांत गाडी कुठल्या मार्गानं जाईल, अंधार पडल्यावर घाट उतरायचा की मुक्काम करायचा, हे नंदुरबारच्या माणसानं त्याच दिवशी ठरवायचं; त्यासाठी धुळ्याला ईमेल करायला लावणारी पद्धत धोक्याची आहे. मुक्कामाचा खर्च आधीच मंजूर समजावा, नाहीतर आठशे रुपये वाचवायला माणसं रात्री घाट उतरतात.

रोकड आणि कर: दोन उलट्या दिशांचे धोके

किरकोळ रोख पूर्ण केंद्रित केली की धडगावचा समन्वयक खिशातून खर्च करतो आणि तीन महिन्यांची बिलं एकदम पाठवतो. मोकळी सोडली की पावत्यांचा मेळ लागत नाही. व्यवहारात चालतं ते असं: पंधरा दिवसांच्या नेहमीच्या रोख खर्चाच्या दीडपट रक्कम जागेवर ठेवायची, एक-तृतीयांश उरली की व्हाउचर पाठवून भरून घ्यायची. रोकड ज्याच्या हातात, मंजुरीची सही त्याची नको. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च अडतो. ५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट. हमाल, नावाडी, स्वयंपाकीण यांच्याकडे बिलबुक नसतं. त्यांच्यासाठी छापील व्हाउचर ठेवा, त्यात काम, ठिकाण, तारीख, मोबाइल, सही किंवा अंगठा आणि साक्षीदार. कोऱ्या व्हाउचरवर आधीच सही घेऊन ठेवली की ते ऑडिटला कळतं, शाईवरूनच कळतं.

कराची गोष्ट उलटी आहे. ती विखुरली की फसते. तिन्ही कार्यालयांचा टॅन, म्हणजे करकपातीचा खाते क्रमांक, बहुधा एकच. मंडपवाला किंवा प्रिंटिंग प्रेसवाला तिन्हीकडे काम करतो, प्रत्येक बिल ३०,००० च्या आत, म्हणून कुठलंच कार्यालय टीडीएस कापत नाही. वर्षाची बेरीज १ लाखाच्या पुढे गेलेली असते. कापायला हवं होतं ते १ किंवा २ टक्के, वर व्याज. ही बेरीज फक्त एका जागी बसलेल्या माणसालाच दिसते. तोच माणूस महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस आणि १५ ला पीएफ भरतो. तीन जण भरायला बसले की एखादी तारीख चुकतेच.

एजन्सीची माणसं घेतलीच, तर तिचं बिल मागच्या महिन्याच्या पीएफ चलानाशिवाय काढू नका. एकूण रक्कम पाहून भागत नाही. नावानिशी यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा पीएफ क्रमांक, जुळवा. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर वसुली मूळ नियोक्त्याकडे, म्हणजे संस्थेकडे येते, आणि तोवर ठेकेदाराचा फोन लागत नसतो.

जागा आणि वीज

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. २०,००० भाडं, ३६ महिने, ६०,००० अनामत असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दरानं साधारण १,८४५ रुपये पडतं, शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणारे पुढे अनामत परत मिळवताना अडकतात. धडगाव-मोलगीत जागा घेताना जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला पट्ट्यानं द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कराराचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय अनामत देऊ नये.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर. प्रत्यक्षात हाती साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे ३०० वॉटच्या लोडवर पावणेचार तास. तेही बॅटरी नवी असेल तर. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर मरते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर तपासा, लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका.

मग कुणी काय घ्यावं

कार्यालयं फक्त जळगाव आणि धुळ्यात असतील तर एक कक्ष, विचार करायची गरज नाही. निम्म्याहून जास्त काम नंदुरबारमध्ये आणि त्या प्रकल्पाचा देणगीदार वेगळे हिशेब मागत असेल, तर नंदुरबारला स्वतंत्र व्यवस्था द्या आणि फक्त कर व पगार धुळ्यात ठेवा. एजन्सी दोन वर्षांच्या आतल्या प्रकल्पाला, किंवा पहारा-सफाईसारख्या कामाला ठीक. खरेदी आणि रोकड तिच्या माणसाच्या हाती देऊ नका.

बाकी बहुतेकांसाठी कागद धुळ्यात आणि किल्ल्या जागेवर. त्यासाठी सहीच्या मर्यादा आकड्यांत लिहाव्या लागतात. सुरुवातीला हे पुरतं: ५,००० पर्यंत स्थानिक सहायकानं मागायचं आणि कार्यालयप्रमुखानं जागेवर मंजूर करायचं, ५,००० ते ५०,००० तीन दरपत्रकं जागेवर गोळा करून धुळ्यानं दोन कामाच्या दिवसांत होकार किंवा नकार द्यायचा, तिसऱ्या दिवशी मंजूर समजायचं, ५०,००० च्या वरचं सगळं धुळ्यातून. डोंगरात तीन दरपत्रकं मिळत नाहीत, तिथे एक दरपत्रक आणि का मिळाली नाहीत याची चार ओळींची टीप चालेल असंही लिहून ठेवा, नाहीतर एकाच दुकानदाराच्या हस्ताक्षरातली तीन दरपत्रकं येतात.

बदल मार्चमध्ये किंवा जूनमध्ये करू नका; दिवाळीनंतरचे दोन महिने बरे. सुट्ट्यांची यादी धुळ्यात बसून करताना आखाजी आणि कानबाई हे खान्देशी सण आठवतात, होळीच्या आधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आठवत नाही. त्या आठवड्यात सातपुड्यात चालक मिळत नाही, बैठक ठेवली तरी गावात माणूस नसतो.