नवी पेठेतल्या गल्लीत बीटल्सची लाखेची तबकडी

सोलापुरात नवी पेठेतील एका गल्लीत जुन्या रेकॉर्डचे छोटेसे दुकान आहे. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या संग्राहकाने तेथे निवांत वेळ काढून जावे, असे मी मनापासून सुचवतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या थप्पीखाली मला बीटल्सची, पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीच्या नावाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी सापडली. ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास असल्या तबकड्या बंद पडल्या. परंतु आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अनेक घरांत टिकून असल्याने कोलकात्याच्या डमडम कारखान्यात बीटल्सची गाणीही लाखेवर निघाली आणि म्हणूनच जगभरचे संग्राहक आज या भारतीय प्रतींच्या शोधात असतात.

मालकांनी तबकडी उजेडात तिरकी धरून कडेची केसाएवढी भेग स्वतःहून दाखवली आणि किंमतही उतरवली, हे मला फार मोलाचे वाटले. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडी कोणत्या मूळ साच्यावरून काढली ते सांगणारा) त्यांनी भिंगातून वाचू दिला. लाँगप्लेची, म्हणजे हळू फिरणाऱ्या विनाइल तबकडीची, बारीक सुई ७८ च्या रुंद खोबणीत नीट बसत नाही, म्हणून वेगळी सुई लावून दोन्ही बाजू पूर्ण ऐकवल्या.

तक्रार एकच आहे. विनाइलच्या लाँगप्ले पत्र्याच्या भिंतीलगत आडव्या रचलेल्या आहेत आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. मी उचललेल्या तीनपैकी दोन वाकलेल्या निघाल्या. त्या उभ्या ठेवून आतल्या खोलीत हलवाव्यात, अशी विनंती मी मालकांना केली आहे.