सीएनएमजी घ्यावा का सीसीएमटी? आधी चिप मोजा

वाळूजला शेड घेऊन जुनी सीएनसी लावायलेले दोघंतिघं मला हेच विचारायलेत, लेथच्या टूलवर बसवायच्या या दोन इन्सर्टपैकी (बदलता येणाऱ्या कापायच्या तुकड्यांपैकी) कुठला घ्यावा. दुकानदाराचा हिशोब सरळ असतो, सीएनएमजीला दोन्ही बाजू मिळून चार धारा, सीसीएमटीला दोनच, मग सीएनएमजीच परवडतो. बरोबर आहे, पण मशीन पेलतंय का ते त्यात कुठंच येत नाही.

सीएनएमजीच्या बाजू सरळ उभ्या, क्लिअरन्स (जॉबला घासू नये म्हणून बाजूला दिलेला उतार) शून्य, म्हणून होल्डर (इन्सर्ट धरणारा दांडा) त्याला साधारण 6 अंश खाली झुकवून धरतो आणि तिथंच रेक (धारेच्या वरच्या बाजूचा कल) निगेटिव्ह होतो (वरच्या खाचेमुळं धार प्रत्यक्षात पॉझिटिव्ह निघू शकते, ते वेगळं). सीसीएमटीला बाजूलाच 7 अंश उतार आहे, त्यामुळं झुकवायची गरज नाही.

रेक कमी झाला की शिअर अँगल (धातू ज्या तिरक्या रेषेवर सरकून सुटतो तिचा कोन) कमी होतो, चिप (कापताना निघणारी धातूची साल) जाड निघते अन् लोड वाढतो. हे घरच्या घरी बघता येतं. फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) 0.2 मिमी ठेवा, चिप गार झाल्यावर पक्कडीनं उचला (हातानं नको, ब्लेड असतंय ते) आणि मायक्रोमीटर लावा. 0.5 भरली तर रेशो (फीड भागिले चिपची जाडी) 0.4, रेक शून्य धरला तर शिअर अँगल जवळपास 22 अंश. दुसऱ्या इन्सर्टनं 0.4 भरली अन् रेक 10 अंश असला तर 28 च्या वर जातो. एवढ्या फरकात जुन्या मशीनचा आवाजच बदलतो.

माझी फजिती सांगतो. ईएन8 (मध्यम कार्बनचं स्टील) चा 12 मिमीचा रॉड, चकच्या 70 मिमी बाहेर, टोकाला सेंटरचा आधार नाही, आणि मी सीएनएमजी 0.8 नोज (टोकाची गोलाई, मिमीत) लावून 0.3 चा फिनिश कट घेतला. कट नोजपेक्षा कमी, मग सगळा जोर रॉडला बाजूला ढकलण्यात गेला, टोकाला 0.04 जाड, वर चॅटर (थरथरीच्या खुणा), आणि चिप तुटायचं नावच घेईना, जॉबला लोकरीसारखी गुंडाळली. सीसीएमटी 0.4 नोज लावला अन् काम सुटलं.

म्हणून बारीक शाफ्ट, पातळ बुश, बोरिंग, हलकं मशीन असलं तर सीसीएमटीच घ्या. 40 मिमीच्या वरचा बार, 2-3 मिमीचा रफ कट, दणकट मशीन असलं की सीएनएमजी, तिथं सीसीएमटीची धार लवकर उडते. कास्ट आयर्नला चिप आपोआप तुटते, तिथं ब्रेकरचं (चिप तोडणाऱ्या वरच्या खाचेचं) टेन्शन घेऊ नका.

होल्डर दोन्हीचे वेगळे असतात, एकातला दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा दुकानात जायच्या आधी पुढच्या महिन्याचे जॉब कागदावर लिहून न्या.